स्वस्तातली इम्पोर्टेड छऱ्याची रायफल: डब्यावरचा आकडा सोडा, नळी बघा

राम राम मंडळी.

व्हॉट्सॲपवर फोटो येतो आणि खाली एकच ओळ असते: "भाऊ, हाई बंदूक चांगली शे का?" फोटोत काळी कुळकुळीत रायफल, वर दुर्बीण, दस्त्यावर परदेशी नाव आणि डब्यावर लाल अक्षरांत 1000 एफपीएस, म्हणजे सेकंदाला 1000 फूट. धुळ्याहून येतो, शहाद्याहून येतो, भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधूनही येतो. आज त्याचं नीट उत्तर देतो.

आधी एक गोंधळ मिटवू. आपण बोलतोय ते फक्त एअर रायफलबद्दल. काडतुसाची परदेशी रायफल परवाना हातात असला तरी तुम्हा-आम्हाला बाहेरून मागवता येत नाही, ती सवलत नामवंत नेमबाजांना आहे. वरणगावचा काडतुसांचा कारखाना आपल्या उशाशी आहे, पण त्याचा आपल्या खरेदीला काडीचा उपयोग नाही. छऱ्याच्या बंदुकीचं वेगळं. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे 4.5 मिमी बोअरची आणि 20 ज्युलपर्यंत ताकदीची एअर रायफल घ्यायला परवाना लागत नाही. हा 20 चा आकडा लक्षात ठेवा, कारण डब्यावरच्या लाल अक्षरांची हवा त्यानेच निघते.

(डबा कॅमेऱ्याजवळ)

1000 एफपीएस म्हणजे सेकंदाला 305 मीटर. आता नेमबाजीला वापरतात तो साधा शिशाचा छर्रा साधारण 0.55 ग्रॅमचा असतो. तो 305 ने सोडला तर ताकद होते 25 ज्युलच्या वर, म्हणजे परवान्याच्या हद्दीत. 20 ज्युलमध्ये राहायचं तर हाच छर्रा 270 च्या पुढे जाऊच शकत नाही. मग डब्यावर 1000 कुठून आला? 0.35 ग्रॅमचा हलका, बिनशिशाच्या मिश्रधातूचा छर्रा घालून मोजला. कंपनी खोटं बोलत नाही, पण जो छर्रा तुम्ही कधी वापरणार नाही त्याचा वेग तुम्हाला विकते.

आणि वेग हवाय कशाला? आवाजाचा वेग 20 अंश तापमानाला सेकंदाला 343 मीटरच्या आसपास असतो. (आपल्या जळगावच्या मे महिन्यात 358, तेवढाच आपल्याला फायदा!) छर्रा कमरेत बारीक असतो, शटलकॉकसारखा मागून फुललेला. तो आवाजाच्या वेगाजवळ गेला की डगमगतो आणि नेम विस्कटतो. ऑलिम्पिकच्या 10 मीटर रायफलचा छर्रा सेकंदाला 170-175 मीटरनेच जातो. त्या कागदावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. 2008 ला बीजिंगमध्ये अभिनव बिंद्राने सोनं जिंकलं ते याच प्रकारात. तेव्हा दुकानदार "साहेब, पॉवर बघा पॉवर" म्हणाला की ऐकून घ्या आणि नळीकडे वळा.

पण त्याआधी नावाचं. आपल्याकडे जुन्या माणसांना छऱ्याची बंदूक म्हटली की डायना आठवते, आणि जर्मन माल म्हणजे डोळे झाकून घ्यायचा. डायना 1890 पासूनची कंपनी आहे, तिच्या जर्मनीत बनलेल्या स्प्रिंगच्या रायफली आजही दमदार आहेत. पण तिचीच स्टॉर्मरायडर नावाची रायफल बनते चीनमध्ये, स्नोपीकच्या कारखान्यात. आर्टेमिस हे नावही स्नोपीकचंच. बीएसए म्हटलं की लोकांना बर्मिंगहॅम आठवतं, पण ती 1986 पासून स्पेनच्या गॅमोकडे आहे. हातसान तुर्कीची. यात वाईट काही नाही. चिनी स्नोपीक आज पैशाच्या मानाने बरी नळी देते, हे मी स्पष्टच सांगतो. फक्त चिनी माल जर्मन नावाच्या भावात घेऊ नका. सारंगखेड्याच्या बाजारात घोड्याचं नाव ऐकून कोणी नोटा मोजत नाही, चाल बघतो. इथेही तेच करायचं.

(जवळून: नळीचं तोंड)

हे तोंड बघा. छर्रा शेवटचा स्पर्श करतो ती ही कडा. मोबाइलचा टॉर्च मारा. कडेला खरवड, चपटेपणा, एका बाजूला उचललेला काठ दिसला तर ती रायफल खाली ठेवा. हवा एका बाजूने आधी सुटते आणि छर्रा ढकलला जातो. मग कानाचा कापूस-बड, तो कडेवर आतून गोल फिरवा. धागे अडकले तर तिथे बर, म्हणजे धातूचं बारीक कुसळ आहे.

आता दुकानदाराची परवानगी घेऊन, रायफल रिकामी आणि स्प्रिंग सैल आहे याची खात्री करून, नळीत मागून एक छर्रा बसवा आणि लाकडी किंवा पितळी काडीने हळूहळू पुढे ढकला. सुरुवातीला घट्ट, मग सगळीकडे सारखा अडथळा, हे चांगलं. मध्येच सुळकन सैल गेला आणि पुन्हा अडकला, तर नळीचं भोक सारखं नाही. छर्रा बाहेर काढून भिंगाखाली बघा, खाचांचे ठसे सगळीकडे सारखे हवेत. ही नळी तुम्ही नंतर बदलणार नाही. स्प्रिंग बदलता येते, सील बदलता येतं, दस्ता बदलता येतो. म्हणून मी सगळ्यात जास्त वेळ इथे घालवतो, दुकानदार कंटाळला तरी.

नळी सांध्यात खाली वाकवून भरायची रायफल असेल तर बंद केल्यावर सांध्यात हाताने डावी-उजवीकडे हलवून बघा. खुळखुळ अजिबात नको. सांधा रोज वेगळ्या जागी बसला तर दुर्बीण कितीही महाग लावा, नेम रोज सरकणार.

चाप दोन टप्प्यांचा हवा: आधी मोकळा प्रवास, मग एक स्पष्ट भिंत, मग सुटका. स्वस्त रायफलीत ती भिंत चिखलासारखी असते, कळतच नाही कधी सुटली. बऱ्याच मॉडेलना चाप जुळवायचा स्क्रू असतो. तो आहे का, विचारा.

आता स्प्रिंग की पीसीपी. पीसीपी म्हणजे टाकीत दाबून भरलेली हवा, बहुधा 200 बार. तिला झटका नसतो, नवख्याच्या हातातही पहिल्या दिवसापासून छरे जवळजवळ पडतात. पण हातपंप वेगळा, हवा अडवणाऱ्या रबरी ओ-रिंग वेगळ्या, दाबाच्या घड्याळावरची सुई वेगळी डोकेदुखी. सेकंडहँड घेत असाल तर संध्याकाळी भरून ठेवायला सांगा आणि सकाळी सुई बघा. आणि आपल्याकडच्या उन्हाचं सांगतो: 25 अंशाला 200 बार भरलेली टाकी बंद गाडीत 60 अंशाला गेली तर दाब सव्वादोनशेच्या आसपास जातो. मे महिन्यात रायफल डिकीत टाकून लग्नाला जाऊ नका.

माझं मत विचाराल तर पहिली रायफल स्प्रिंगची घ्या, मध्यम ताकदीची. स्प्रिंग ताणायला (कॉकिंगला) दोन हात लागतात अशी दांडगी घेऊन पोरं दहा छऱ्यांत दमतात. स्प्रिंगच्या रायफलीत पिस्टनचा धक्का छर्रा नळीतून निघायच्या आधीच बसतो, म्हणून ती घट्ट आवळायची नसते, हातावर नुसती टेकवायची. हाच धक्का स्वस्त दुर्बिणीचं काम तमाम करतो. "फ्री स्कोप" असलेल्या सेटचे पैसे लावताना स्कोपची किंमत शून्य धरा. नळीवरची पुढची माशी आणि मागची साइट धातूची असेल तर पहिले सहा महिने दुर्बिणीवाचून काही अडत नाही.

सुट्या भागांचं दुकानातच बोलून घ्या. एमआयडीसीतला लेथवाला पिन करून देईल, बुश करून देईल. पिस्टनचं सील आणि स्प्रिंग मात्र मूळ मापाचीच लागते. "मिळून जाईल" हे उत्तर म्हणजे नाही. आयातदाराचं बिल आणि रायफलीवरचा नंबर जुळायला हवा, दुकानदाराने ओळखपत्र मागितलं तर चिडू नका, उलट मागत नसेल तर तिथून निघा. आणि इन्स्टाग्रामवर "आधी कुरिअरचे पैसे पाठवा" म्हणणाऱ्याला नमस्कार करा.

रावेर-यावलकडचे केळीवाले विचारतात, रानडुकराला चालेल का? नाही. 1972 चा वन्यजीव कायदा आहेच, पण 20 ज्युलने डुक्कर मरत नाही, जखमी होऊन कुजतं. त्यासाठी रायफल घेत असाल तर घेऊच नका.

घरी आणल्यावर पहिले शे-दोनशे छरे धूर दिसेल, जळक्या तेलाचा वास येईल, छर्रा वर-खाली पडेल. कारखान्यातलं ग्रीस जळतंय, रायफल बिघडलेली नाही. तेल आणखी ओतू नका. धूर थांबला की दस्त्याचे स्क्रू आवळा, मागे मातीचा पक्का बांध किंवा जाड फळी घ्या, डोळ्याला चष्मा लावा आणि 10 मीटरवर कागद टांगा. पाच छरे, टेकवून. सगळ्यात लांबच्या दोन भोकांचं बाहेरून बाहेर माप घ्या, त्यातून 4.5 मिमी वजा करा. 15 मिमीच्या आत आलं तर या किमतीत रायफल उत्तम. 25 च्या वर गेलं तर आधी छऱ्याचा ब्रँड बदला, दोन-तीन प्रकार मारून बघा, कारण प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. तरी जमलं नाही तर दुकानदाराकडे कागद घेऊन जा. आणि मला फोटो पाठवाल तेव्हा रायफलीचा नको, त्या कागदाचा पाठवा, कोपऱ्यात छऱ्याचं नाव आणि वजन लिहून.