किती झाल्या?

नमस्कार श्रोतेहो. कथा लिहून होते, पण कागदाच्या माथ्यावरची ओळ कोरीच राहते. तिथे नाव काय द्यायचं? त्या एका ओळीबद्दल आज बोलणार आहे.

मागच्या वर्षी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मुलीने तिची पहिली कथा मला वाचायला दिली. आई बिड्या वळते, मुलगी शाळेतून आली की हाताखाली बसते. ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं, मांडीवरचं सूप, कात्रीची कचकच, पंचवीस-पंचवीसचे कट्टे, सगळं नेमकं उतरलं होतं. आणि वर नाव होतं, 'संघर्ष'.

मला हळहळ वाटली. गिरणी बंद पडलेल्या कामगाराच्या कथेलाही 'संघर्ष' चालेल, दुष्काळात होरपळलेल्या शेतकऱ्याच्याही. मग ते ह्या आईचं नाव कसं? शिवाय असं नाव वाचणाऱ्याला आधीच बजावतं, की बाबा, तुला इथे गहिवरून यायचं आहे. एवढी जिवंत लिहिलेली बाई त्या एका शब्दाखाली झाकली जात होती.

आपल्या सोलापूरचे त्र्यं. वि. सरदेशमुख आठवा. त्यांच्या 'डांगोरा एका नगरीचा' ह्या कादंबरीला २००३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मी कित्येकदा ते नाव नुसतं मोठ्याने म्हणून बघतो. 'दवंडी' म्हटलं असतं तर सरकारी निरोप वाटला असता. डांगोरा म्हटल्यावर ढोल तर ऐकू येतोच, पण झाकून ठेवलेलं काहीतरी आता चव्हाट्यावर येणार, हेही कळतं. आणि 'एका' हा साधा शब्द! नगरी कुठली ते सांगितलेलंच नाही, त्यामुळे जो तो आपलं गाव मनात आणतो.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ ची. गोष्ट सांगतो तो तरुण मास्तर, पण नाव मिळालं वाडीला. शेवटी दुष्काळात माणसं वाडी सोडून जातात, तेव्हा ते नाव पुन्हा वाचावं. पहिल्या पानावर ते नुसता पत्ता होतं.

नाव लांब असावं की आखूड, ह्यावर मी वेळ घालवत नाही. शेवट मात्र नावातच फोडू नका. आणि एकदा ते चहाच्या टपरीवर मित्राला सांगून बघा. सांगताना जीभ अडखळली, किंवा मागून खुलासा करावा लागला, तर दुसरं शोधा.

त्या मुलीला मी एवढंच विचारलं, "तुझ्या कथेत आई सारखं काय म्हणते गं?"

तिने पानं चाळली. दप्तर टाकलं की आई विचारते, 'किती झाल्या?' दिवेलागणीला तेच, जेवायच्या आधी तेच. दिवसाचा हजाराचा हिशेब तो. कथेच्या शेवटी आई अंथरुणाला खिळलेली आहे. जवळ सूप नाही, पान नाही, तरी बोटं वळल्यासारखी हलतायत. मध्यरात्री ती डोळे न उघडता विचारते, 'किती झाल्या?'

मुलगी तिचा हात हातात घेते. 'झाल्या गं आई. हजार झाल्या.'

तिने पेन मागितलं आणि 'संघर्ष'वर काट मारली.