रमाबाईंनी चर्चला विचारलेले प्रश्न

साल १८७८. कलकत्ता. वीस वर्षांची एक मुलगी आणि तिचा भाऊ ख्रिस्ती मंडळींच्या एका मेळाव्याला गेलेत. आयुष्यात पहिल्यांदाच. चहा-बिस्किटं चाललीत, सगळ्या जातींचे लोक एकत्र बसून खातायत, आणि ही दोघं कोपऱ्यातून बघतायत की आता कलियुग पुरतंच आलं बुवा. मग प्रार्थनेची वेळ झाली तशी सगळी मंडळी उठली, वळली आणि आपापल्या खुर्चीसमोर गुडघे टेकून डोळे मिटून काहीतरी बोलायला लागली. समोर ना मूर्ती ना तसबीर. तिने पुढे लिहून ठेवलंय, की आम्हाला वाटलं हे लोक खुर्च्यांनाच नमस्कार करतायत.

तिथून त्यांना एक संस्कृत बायबल भेट मिळालं. तिने ते उघडलं, पण त्यातलं संस्कृत तिच्या ओळखीच्या संस्कृतसारखं वाटेना, म्हणून ठेवून दिलं.

तर ही रमा डोंगरे, म्हणजेच पुढच्या पंडिता रमाबाई. त्याच वर्षी कलकत्त्याच्या पंडितांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. आणि पुढे हिनेच ग्रीक आणि हिब्रू शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, तेही पुण्याजवळच्या केडगावात बसून. पण आज मला बायबलपेक्षा मधे चर्चशी झालेल्या भांडणाबद्दल बोलायचंय. कारण रमाबाईंबद्दल आपल्याकडे दोनच गोष्टी सांगतात, एक तर विधवांसाठी केलेलं काम आणि दुसरं धर्मांतर, आणि धर्मांतर म्हटलं की लोक एकदम दोन पार्ट्यांत वाटले जातात. ही बाई किती कसून विचार करायची, हे त्या गोंधळात राहूनच जातं.

आता ही विद्या आली कुठून? वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं आणि त्यासाठी लोकांचा रोष ओढवून घेतला. मग लक्ष्मीबाईंनी मुलीला शिकवलं, आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत. दिवसभर घरकाम, त्यामुळे वेळ मिळायचा तो पहाटेचा. शाळा नाही, पाटी नाही, सगळं तोंडी. व्याकरण, कोश, भागवत पाठ. आणि घर तरी कुठे होतं, कुटुंब देशभर पायी फिरत तीर्थक्षेत्री पुराण सांगायचं आणि त्यावर पोट. दुष्काळात आई, वडील, मोठी बहीण गेली, उरली ही आणि भाऊ श्रीनिवास. १८८० मध्ये तोही गेला. त्याच वर्षी बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न, लेक मनोरमा, आणि १८८२ मध्ये नवराही कॉलऱ्याने गेला. बाई तेवीस वर्षांच्या होत्या.

पण पाठांतराने एक गोष्ट झाली होती. ज्याला सगळे ग्रंथ तोंडपाठ त्याला ते एकमेकांशेजारी ठेवून बघता येतात. पुढे 'माझी साक्ष'मध्ये बाई लिहितात, की शास्त्रं, पुराणं, अर्वाचीन कवी ह्यांचं बाकी कशावरच एकमत होत नाही, पण बाईची जात वाईट ह्यावर मात्र सगळ्यांचं एकमत. हे कुणी बाहेरच्याने लिहिलं असतं तर म्हणालो असतो की चार श्लोक वाचून बोलतोय. इथे बोलणारी व्यक्ती पुराणिक होती, धंदाच तो.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. मनात होतं डॉक्टर व्हायचं, पण कानाने कमी ऐकू यायचं म्हणून ते राहिलं. उतरल्या वाँटेज गावात, सेंट मेरीच्या सिस्टरांच्या मठात. पुण्याचा पंचहौद माहितीये ना, गुरुवार पेठेतला, तिथल्या मिशनमध्ये ह्याच मठाच्या सिस्टर काम करायच्या. (हो, तेच पंचहौद, १८९० मध्ये जिथे टिळक-रानडे चहा पिऊन आले आणि पुण्यात प्रायश्चित्ताचा गदारोळ झाला.) २९ सप्टेंबर १८८३ ला वाँटेजमध्ये रमाबाईंनी आणि छोट्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

आता इथे बहुतेकांची गोष्ट संपते. खरी मजा इथून सुरू होते.

बाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकायला आणि संस्कृत शिकवायला गेल्या, आणि तिथून वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रापत्री सुरू झाली. जेराल्डिन म्हणजे रमाबाईंच्या धर्माच्या आई, प्रेमही करायच्या आणि धाकही ठेवायच्या. आणि ही लेक प्रश्न विचारायला लागली. येशू देव कसा? एकच देव आणि तीन व्यक्ती, हे त्र्येकाचं गणित बायबलमध्ये नक्की कुठे लिहिलंय, दाखवा. अथानेशियन क्रीड म्हणून चर्चचा एक जुना अंगीकार आहे, म्हणजे श्रद्धेचं ठराविक निवेदन, त्यात म्हटलंय की हे सगळं जो जसंच्या तसं मानणार नाही त्याचा कायमचा नाश. बाई म्हणाल्या, हे मी म्हणणार नाही. बायबल मला मान्य, पण बायबलात नाही ते चर्च सांगतं म्हणून मानू, हे होणार नाही.

लक्षात घ्या, हे प्रश्न शिळे नाहीत. त्र्येकावर चौथ्या शतकात नायसियाच्या परिषदेत वाद झाला होता, ३२५ साली, आणि थिऑलॉजीच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या वर्गात तो आजही पहिल्या-दुसऱ्या वर्षाला शिकवतात. बाईंना ती सगळी परंपरा कुणी शिकवली नव्हती, त्या स्वतःच्या वाटेने तिथे पोचल्या. आपल्याकडे द्वैत-अद्वैताचा खल ज्याने ऐकलाय त्याला 'एक की तीन' हा प्रश्न पडणारच, ह्यात आश्चर्य काही नाही.

सिस्टरांचं उत्तर साधारण असं, की तू गर्विष्ठ झालीयेस, चर्च सांगतं ते आधी मान. त्यावर मे १८८५ चं रमाबाईंचं पत्र आहे. त्यात त्या म्हणतात, की मी आत्ताच कुठे मोठ्या कष्टाने भारतातल्या पुरोहितांच्या जोखडातून सुटलीये, तर पुरोहित म्हणतात ती देवाचीच आज्ञा असं समजून तसंच दुसरं जोखड मानेवर घ्यायची माझी सध्या तयारी नाही. हे कुणाला लिहितायत? ज्यांच्या आश्रयाने परक्या देशात राहतायत, ज्या आपल्या मुलीला सांभाळतायत, त्यांना. मला विचाराल तर हे वाक्य लिहायला बाप्तिस्मा घेण्यापेक्षा जास्त धाडस लागलं असेल.

आणि भांडणं फक्त तत्त्वाची नव्हती बरं का. बाई शाकाहारी, अंडं घातलेलं पुडिंग खायच्या नाहीत, तर ह्यावरून सिस्टर नाराज, की अजून ब्राह्मणपण जात नाही. सिस्टरांच्या क्रॉसवर लॅटिन अक्षरं असायची. बाईंचं म्हणणं, मला संस्कृत हवीत. लॅटिनमध्ये असं काय जास्त आहे जे आमच्या संस्कृतात नाही, की ब्राह्मणांना जसं संस्कृतचं वाटतं तसंच तुम्हाला लॅटिनचं वाटतं? बोला आता. एका प्रश्नात काशी आणि ऑक्सफर्ड दोन्ही एका रांगेत उभे केले.

मग बिशप मध्ये आले. रमाबाईंनी चेल्टनहॅममध्ये मुलग्यांनाही संस्कृत शिकवावं असा विचार चालला होता, तर लाहोर आणि मुंबईचे बिशप म्हणाले, छे, हिंदुस्थानात लोक काय म्हणतील, बाईमाणसाने पुरुषांना शिकवायचं? बाईंनी उलट लिहिलं, की माझ्या आईने तरुण मुलांना शिकवलेलं माझ्या वडिलांना चाललं, मी शिकवलेलं माझ्या नवऱ्याला चाललं, आणि इंग्रजांना चालत नाही ह्याचं मला फार नवल वाटतं.

ह्या सगळ्यात एक माणूस वेगळं वागलं. कॉलेजच्या प्रिन्सिपॉल डोरोथिया बील. त्यांनी शंकांना पाप म्हटलं नाही, पानंच्या पानं भरून उत्तरं दिली, आणि चर्चच्या लोकांना सांगितलं की हिचं मन तत्त्वज्ञानाचं आहे, हिला नुसतं 'असं घडलं' सांगून भागणार नाही, तिच्या बुद्धीला आणि सद्सद्विवेकाला पटलं पाहिजे. शिक्षक आणि अधिकारी ह्यात फरक असतो तो हा. श्रद्धा तुटू नये म्हणून प्रश्न दाबायचे, की प्रश्नांना जागा द्यायची, हा वाद आजही प्रत्येक चर्चमध्ये चालू आहे, आणि चर्चच कशाला, आपल्या मठा-मंदिरांत काय वेगळं असतं?

पुढचं भरभर सांगतो. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी अमेरिका, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन, म्हणजे विधवा-मुलींसाठी शाळा, पुढच्या वर्षी ते पुण्याला. १८९३ मध्ये रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, कारण मुली बाईंच्या प्रार्थनेला बसायला लागल्या होत्या आणि संस्थेत धर्म आणणार नाही असं आधी ठरलं होतं. 'केसरी' तुटून पडला. भाषा जहरी होती पण आक्षेप अगदीच पोकळ नव्हता, हेही म्हटलं पाहिजे.

आणि मग केडगाव. नगरचं नाही, दौंड तालुक्यातलं, पुणे-दौंड लाईनवरचं, ज्याच्याजवळ नारायण महाराजांचं दत्ताचं बेटही आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात बाईंनी मध्य प्रांतातून बायका-मुली आणल्या आणि 'मुक्ती' हे त्यांचं आश्रयस्थान उभं राहिलं. १९०५ मध्ये तिथे रिव्हायव्हल झालं, म्हणजे शेकडो बायका एकाच वेळी मोठमोठ्याने प्रार्थना करतायत, रडतायत, गातायत. शिस्तीतल्या इंग्रजी उपासनेची सवय असलेल्यांना ते झेपेना. बाईंनी थांबवलं नाही. आमच्या माणसांना त्यांच्या रीतीने देवाला हाक मारू द्या, अशी त्यांची भूमिका.

आणि गंमत बघा, हा कल्लोळ चालू असलेल्या त्याच आवारात ह्या बाई हिब्रूचं व्याकरण घेऊन बसलेल्या. आधीची मराठी बायबलं त्यांना फार संस्कृतप्रचुर वाटायची, खेड्यातल्या बाईला वाचून कळेल असं हवं होतं. संस्कृतची पंडिता असं म्हणतीये, म्हणजे संस्कृत येत नाही म्हणून नव्हे, चांगलं येतं म्हणून. अनुवाद त्यांचा, छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, आणि खिळे जुळवणाऱ्या कोण, तर दुष्काळातून आलेल्या मुली. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, ते उलटं वाचून ओळ सुलटी लावायची, मग मुद्रितं तपासायची, चुकला खिळा चिमट्याने काढून दुसरा बसवायचा. चार वर्षांपूर्वी जिला अक्षरओळख नव्हती ती मुलगी हे करतीये. साक्षरतेचा असा वर्ग मी तरी दुसरा ऐकला नाही.

व्हॉट्सॲपवर फिरतं की बायबलचा पूर्ण अनुवाद करणारी ही जगातली पहिली बाई. तसं नाही. अमेरिकेत कनेटिकटच्या ज्युलिया स्मिथ यांचा इंग्रजी अनुवाद १८७६ मध्येच छापून झाला होता. रमाबाईंना उसन्या विक्रमाची गरज नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, मनोरमा आदल्याच वर्षी गेली होती, आणि पूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून बाहेर आलं. चर्चमध्ये ते फारसं रुळलं नाही. शब्दाला शब्द ठेवायच्या हट्टाने काही ठिकाणी ते अडखळतं.

आज पुण्यात रामवाडीला ज्ञानदीप विद्यापीठ आहे, शेजारी पेपल सेमिनरी, जी १९५५ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीहून इथे आली. तिथे फादर व्हायला आलेल्या मुलाला आधी काही वर्षं फिलॉसॉफी करावी लागते, त्यात भारतीय दर्शनंही आली, मग थिऑलॉजी. घरचे विचारतात, चर्चमध्ये मिस्साच (उपासना) करायचीये तर शंकराचार्य कशाला? आर्ट्सला ॲडमिशन घेतलेल्या प्रत्येक पोराने ह्या चालीचा प्रश्न ऐकलेला असतो. चेल्टनहॅमची ती पत्रं अशा वेळी समोर ठेवावीत. ज्या बाईने व्याकरण आणि पुराणं शिकताना पुढे नोकरी काय लागेल हे कधी विचारलं नव्हतं, तिला नंतर दोन धर्मांच्या पुरोहितांशी बरोबरीने बोलता आलं.

ती पत्रं वाचायला मिळतात ती मात्र जेराल्डिन बाईंमुळे. त्यांनीच ती जपली, एकत्र केली, वर स्वतःची टिपणंही जोडली, ज्यात रमाबाईंचं कुठे चुकलं हे सांगितलंय. पुस्तक छापलं १९७७ मध्ये, महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने. आणि संपादक कोण, तर अ. भि. शहा, इंडियन सेक्युलर सोसायटीचे संस्थापक. म्हणजे एका सिस्टरने जपलेला थिऑलॉजीचा वाद एका पक्क्या सेक्युलर माणसाने सरकारी मंडळाकडून छापून घेतला. जुन्या लायब्रऱ्यांत सापडतं, शोधा.

पुढच्या भागात नीलकंठशास्त्री गोऱ्हे. काशीचे चित्पावन पंडित, पुढे अँग्लिकन फादर, सहाही दर्शनं खोडून काढणारं पुस्तक लिहिणारे, आणि रमाबाईंना बाप्तिस्म्याकडे नेण्यात ज्यांच्या मराठी पत्राचा मोठा हात होता ते हेच.