शितं कुठून घेतली?

(नाशिक येथे वैद्यकीय पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)

मित्रांनो, तुमची संख्याशास्त्राशी पहिली गाठ पडते ती सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, लिहिताना. ‘सॅम्पल साइझ किती टाकू?’ म्हणजे, किती रुग्ण तपासू? दुसरी गाठ दोन वर्षांनी, थिसिस जमा करायच्या आठवड्यात. ‘तेवढी पी-व्हॅल्यू काढून द्या.’ मधे जे बिघडायचं ते बिघडून गेलेलं असतं. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९३८ साली कलकत्त्याच्या संख्याशास्त्र परिषदेत म्हणाले होते, की प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला गाठणं म्हणजे त्याला शवविच्छेदन करायला सांगणं. प्रयोग कशानं मेला एवढं फार तर तो सांगेल. तुम्ही माझ्याकडे त्याआधी यावं, म्हणून आजचं हे बोलणं.

या विषयाचा गाभा आपल्या घरात आहे. शितावरून भाताची परीक्षा. सिंहस्थातल्या भंडाऱ्याचं भलंमोठं पातेलं असो की घरातलं चार माणसांचं, आचारी दोन-चार शितंच दाबून बघतो. पातेलं मोठं म्हणून शितं जास्त लागत नाहीत. पण त्याआधी तो तळापासून झारा फिरवतो, आणि आपण नेमकं तेच विसरतो.

समजा, जिल्ह्यातल्या गरोदर बायकांमधला ॲनिमिया मोजायचा आहे. हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली म्हणजे ॲनिमिया. १०० जणी तपासल्या आणि निम्म्यांना तो निघाला, तर अंदाज साधारण १० टक्के इकडे-तिकडे होऊ शकतो. ४०० तपासल्या तर ५ टक्के. अनिश्चितता निम्मी करायची तर संख्या चौपट हवी. हे तुम्हाला पाठ असतं. पण या ४०० जणी तुमच्या ओपीडीत आलेल्या असतील तर? सुरगाण्याच्या पाड्यावरची जी बाई एसटी चुकली म्हणून, घरी दुसरं मूल तापलं म्हणून आलीच नाही, ती कुठल्याच सूत्रात बसत नाही. ४०० च्या ४००० करा, ती तरीही बाहेरच. उलट चुकीच्या उत्तरावरचा आपला भरवसा तेवढा वाढतो. ओपीडीत अभ्यास करू नका असं मी म्हणत नाही. करा, पण शीर्षकात ‘नाशिक जिल्ह्यातील’ लिहू नका.

दोन उपचारांची तुलना करतानाही ढवळावंच लागतं. ब्रिटनमध्ये क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी झाली, तिचा अहवाल १९४८ चा. औषधाचा तुटवडा होता. कुणाला द्यायचं हे डॉक्टरनं ठरवलं असतं, तर त्याचा हात नकळत एका बाजूला झुकला असता. संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी यादृच्छिक, म्हणजे कुठल्याही क्रमाविना आलेल्या, आकड्यांवरून ते ठरवलं आणि चिठ्ठ्या बंद पाकिटात ठेवल्या. ५५ जणांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटात ४ दगावले, दुसऱ्यात १४. हा फरक औषधाचा, असं आपण म्हणू शकतो ते त्या पाकिटांमुळे. पी-व्हॅल्यू सांगते ती एवढंच: औषधात काही दमच नसता, तर इतका किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगानं किती वेळा दिसला असता. गट मुळात सारखे होते का, हे तिला विचारू नका. फरक रुग्णाच्या कामाचा आहे का, हेही नाही. रक्तदाब १ मिलिमीटरनं उतरवणारं औषध हजारो रुग्णांवर वापरलं तर पी-व्हॅल्यू झकास येईल, पण रुग्णाला त्यातून फारसं काही मिळणार नाही.

आता मास्टर चार्टबद्दल, म्हणजे सगळ्या रुग्णांची माहिती ओळीनं भरलेल्या तक्त्याबद्दल. एका विद्यार्थिनीनं ६० गरोदर बायकांचं सरासरी हिमोग्लोबिन १२.१ काढून आणलं. मला ते पटेना. आम्ही दोघं स्क्रीनसमोर बसलो, एकेक ओळ वाचत खाली आलो. एका ओळीत ११.२ च्या जागी ११२ होतं, टिंब सुटलेलं. ते घातल्यावर सरासरी १०.४ वर आली. एका टिंबानं अख्खा गट निरोगी ठरला होता, आणि सॉफ्टवेअरनं हूं की चूं केलं नव्हतं. मध्यक, म्हणजे आकडे चढत्या क्रमानं लावल्यावर मधला येतो तो, या चुकीनं जवळजवळ हललाच नसता. दोन्ही शेजारी मांडले असते, तर तिला तेव्हाच शंका आली असती.

तुमच्यासमोर ६० आकड्यांचा कागद आणि आलेखाची वही ठेवली आहे. लॅपटॉप मिटा. प्रत्येक आकड्याला एक टिंब, पेन्सिलीनं. पुढचा अर्धा तास आपण तेवढंच करणार आहोत.