पंपाला शेवटी हात लावा

(जालना जिल्ह्यातल्या मेकॅनिक, वेल्डिंगवाले आणि ट्रॅक्टरमालकांपुढे झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, ट्रॅक्टरच्या जोरावर, तेलाच्या दाबानं लाकूड फोडायचं मशीन अडलं की मालकाच्या तोंडी एकच, "पंप गेला." दुकानदार काय, लगेच नवा काढून देतो. जुना भंगारात जातो आणि नव्या पंपावरही बाभळीचा गाठीचा ओंडका तसाच अडून बसतो. म्हणून सांगतो, पंपाला सगळ्यांत शेवटी हात लावा.

आधी मालकाला विचारा, मशीन हळू चालतंय की जोर धरत नाही? या दोन तक्रारी वेगळ्या आहेत. पंप फक्त तेल ढकलतो. त्या तेलाला कुठं अडवणूक झाली की मग दाब तयार होतो. पाचर लाकडाला टेकेपर्यंत दाबाच्या मीटरचा काटा फारसा उठणारच नाही. तेल कमी आलं तर वेग जातो, दाब बसला तर जोर जातो.

हळू चालण्याचं कारण पुष्कळदा कागदावरच सापडतं. पीटीओच्या, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टच्या, फेऱ्या मिनिटाला 540. त्याला 16 सीसीचा, म्हणजे एका फेरीत तेवढं तेल ढकलणारा, गिअर पंप थेट जोडला तर मिनिटाला जेमतेम साडेआठ लिटर तेल मिळतं. पाचर ढकलणाऱ्या जॅकचं (सिलिंडरचं) बोअर 100 मिमी आणि स्ट्रोक 50 सेंमी धरला, तर पाचर पुढं जायला 27 सेकंद लागतात. तोच पंप फेऱ्या तिप्पट करणाऱ्या एकास तीनच्या गिअरबॉक्सवर लावा. 26 लिटर तेल येतं आणि काम 9 सेकंदांत होतं. "ट्रॅक्टर लहान पडतोय" हेही खरं नाही. 150 बार दाबाला एवढं तेल ढकलायला, घट धरूनही, दहाएक एचपी पुरतात आणि पाचरीवर जवळपास बारा टन जोर येतो. 35 एचपीचा ट्रॅक्टर त्याला पुरून उरतो.

गिअरबॉक्स लावताना फिरण्याची दिशा बघा. ट्रॅक्टरच्या मागं उभं राहून पाहिलं तर पीटीओ घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो. दोन गिअरच्या साध्या गिअरबॉक्समध्ये दिशा उलटते. पंप उलटा फिरला की दाब सक्शनच्या, म्हणजे तेल ओढायच्या, बाजूला येतो आणि शाफ्टचं सील बाहेर फेकलं जातं. मग मालक म्हणणार, सील हलकं निघालं!

आता सक्शन. माझ्या मते निम्मं दुखणं इथंच असतं. पंप आत खडे घोळवल्यासारखा वाजत असेल तर त्याला तेल पुरत नाही. टाकीतली जाळी काढून बघा. आपल्याकडं टाकी गावातच वेल्ड होते आणि वेल्डिंगची खपली आत राहते. ती, टेफ्लॉन टेपचे तुकडे आणि लाकडाचा भुसा मिळून जाळीवर काळा थर बसवतात. दुसरं, पाईप. 26 लिटरला सक्शनचा पाईप एक इंची हवा, अर्ध्या इंचात तेलाचा जीव गुदमरतो. तेल फेसाळ, दुधाळ दिसत असेल तर सक्शनच्या क्लिपमधून हवा ओढली जातेय, नाहीतर टाकीत तेल कमी आहे. त्या जोडांवर थोडं तेल सोडा. आवाज बदलला की चोर तिथंच. रात्रभर ठेवूनही तेल दुधाळच राहिलं तर मात्र त्यात पाणी शिरलंय.

जोरच नसेल तर मीटर लावल्याशिवाय बोलू नका. 250 बारचा मीटर नव्या पंपापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. दाब हद्दीबाहेर गेला की तेल टाकीत सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हच्या सीटवर कचरा अडकला तर तेल तिथूनच टाकीत परततं. तो काढून धुवा. पाना घेऊन नुसता आवळत सुटलात तर रबरी होज फुटेल.

रिलीफ ठीक निघाला तर जॅक तपासा. पाचर शेवटपर्यंत बाहेर काढा, इंजिन बंद करा, लिव्हर हलवून दाब सोडा. मग दांड्याच्या बाजूचा होज सोडून व्हॉल्व्हकडचं तोंड बंद करा, जॅकच्या तोंडाखाली बादली धरा आणि इंजिन पुन्हा सुरू करून लिव्हर पुढच्या बाजूला दाबा. तेल येतच राहिलं तर पिस्टनचं सील गेलं. काम सील किटवर भागेल. आणि गळती हातानं चाचपू नका. सुईएवढ्या भोकातून सुटलेलं तेल कातडीत घुसतं, वरून फक्त ठिपका दिसतो. पुठ्ठा फिरवून बघा, आणि हाताला लागलंच तर थेट दवाखाना गाठा.

एकानं विचारलं, ट्रॅक्टरच्या लिफ्टचंच तेल वापरलं तर? चालतं, पण ट्रॉलीची लाईन बहुधा एकेरी असते, इथं परतीचा पाईपही लागतो. शिवाय बऱ्याच ट्रॅक्टरांत लिफ्टचं आणि गिअरचं तेल एकच असतं. मशीनमधला कचरा थेट गिअरमध्ये जाईल. मी तरी टाकी वेगळीच ठेवीन.

राहिला पंप. सकाळी मशीन झकास चालतं आणि दुपारी, आपल्या 42-43 अंशांत, तेल तापलं की मान टाकतं. बाकी सगळं तपासून झालं असेल आणि तरी असंच होत असेल, तर पंप आतून झिजलाय. पातळ झालेलं तेल त्याच्या गिअरच्या कडेनं मागं सरकतं. उन्हाळ्यात 68 नंबरचं, जरा जाड, तेल घातलं तर काही दिवस निघतील, पण पंप बदलावाच लागेल. नवा बसवताना टाकी धुवा, तेल नवं घाला, पंपात आधी हातानं तेल भरा आणि पहिली पाच-दहा मिनिटं लाकूड न लावता कमी रेसवर चालवा.