पहारेकरी थकले, दारे बंद झाली

पडद्यावर दिसतो आहे तो पेत्रोग्राद शहरातील, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गमधील, तावरिचेस्की प्रासाद. 18 जानेवारी 1918 रोजी याच सभागृहात रशियाची संविधान सभा भरली. सुमारे 4 कोटी स्त्री-पुरुषांनी मत देऊन ती निवडली होती. सर्वांत मोठा पक्ष ठरला होता तो शेतकऱ्यांमध्ये रुजलेला समाजवादी क्रांतिकारक पक्ष. दोनच महिन्यांपूर्वी शस्त्रबळाने सत्ता घेतलेल्या, लेनिन यांच्या बोल्शेविक पक्षाच्या वाट्याला जेमतेम चौथा हिस्सा मते आली होती. अध्यक्षपदी व्हिक्टर चेर्नोव्ह निवडून आले आणि कामकाज रात्रभर चालले. पहाटे चारच्या सुमारास झेलेझ्न्याकोव्ह नावाचा एक खलाशी अध्यक्षांजवळ गेला आणि पहारेकरी थकले आहेत, तेव्हा सभागृह रिकामे करावे, असे त्याने सांगितले. सदस्यांनी घाईघाईने जमिनीविषयीचा ठराव संमत केला आणि ते घरी गेले. पुन्हा आले तेव्हा प्रासादाची दारे बंद होती.

हिंसक क्रांतीने राज्य करण्याची रीत बदलते का, हा प्रश्न मला या बंद दारांपाशी विचारावासा वाटतो.

क्रांतीने काहीच बदलले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. जमीनदारांचा वर्ग नाहीसा झाला. 1897 च्या जनगणनेत जिथे पाचांतील जेमतेम एका माणसाला वाचता येत होते, तिथे 1939 पर्यंत बहुसंख्य प्रौढ साक्षर झाले होते, आणि ज्यांच्या आजीला स्वतःचे नावही लिहिता येत नव्हते अशा मुली डॉक्टर, इंजिनियर झाल्या. हे बदल खरे आहेत आणि मोठेही आहेत. परंतु सरकार आणि सामान्य माणूस यांच्यामधला व्यवहार कसा चालत होता, हे पाहू लागले की चित्र निराळे दिसते.

1881 मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याची हत्या झाल्यानंतर सरकारने तीन वर्षांपुरता म्हणून एक नियम काढला, ज्यानुसार न्यायालयासमोर उभे न करताही एखाद्याला हद्दपार करता येत असे. तीन वर्षांची मुदत वाढत वाढत तो नियम 1917 पर्यंत टिकला. लेनिन यांनी सैबेरियातील शुशेन्स्कोये गावी तीन वर्षे काढली, तीही अशाच सरकारी आदेशाने. डिसेंबर 1917 मध्ये स्थापन झालेल्या ‘चेका’ या गुप्त पोलीस यंत्रणेचे प्रमुख झेर्झिन्स्की यांनीही झारच्या तुरुंगांत आणि हद्दपारीत अनेक वर्षे घालवली होती. खटल्याविना शिक्षा म्हणजे काय, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? तरीही थोड्याच काळात चेकाच्या हाती खटल्याविना गोळी घालण्याचा अधिकार आला. यादवी युद्धामुळे हे करणे भाग पडले, असे सांगितले जाते आणि त्यात तथ्यही आहे. मात्र त्या युद्धाचा खरा भडका 1918 च्या उन्हाळ्यात उडाला, आणि चेका त्याआधी सहा महिने कामाला लागली होती.

धान्याचेही तसेच झाले. शेतकऱ्यांकडून ठरलेल्या भावाने सक्तीची लेव्ही घेण्याची पद्धत 1916 च्या अखेरीस झारच्याच सरकारने सुरू केली, झारच्या पाडावानंतर आलेल्या हंगामी सरकारने धान्याचा व्यापार स्वतःकडे घेतला, आणि बोल्शेविकांनी तीच वसुली बंदूकधारी तुकड्या पाठवून चालवली. बळाने मिळवलेली सत्ता टिकवायची तर उद्याच्या उद्या शहराला भाकरी आणि सैन्याला शिधा लागतो. नवी, संमतीची व्यवस्था उभारायला वर्षे लागतात. जुनी सक्तीची व्यवस्था मात्र आयती हाताशी असते. माझ्या मते क्रांतीची खरी अडचण नेत्यांच्या नीतीपेक्षा या निकडीत आहे.

आता एका साध्या कागदाकडे पाहू. झारच्या राज्यात शेतकऱ्याला गावाबाहेर दूर जायचे तर पासपोर्ट लागे, म्हणजे देशाच्या आतच फिरण्याचा परवाना. क्रांतीनंतर ही पद्धत मोडीत निघाली, आणि 27 डिसेंबर 1932 च्या आदेशाने ती परत आली. शहरांतील रहिवाशांना पासपोर्ट मिळाले. सामूहिक शेतीवर राबणाऱ्या शेतकऱ्यांना सरसकट ते दिलेच गेले नाहीत, आणि ज्याच्याकडे हा कागद नाही त्याला शहरात राहता येत नसे. त्यामुळे गाव सोडायचे तर शेतीच्या व्यवस्थापकांकडून किंवा ग्राम सोव्हिएतकडून, म्हणजे गावच्या सरकारी मंडळाकडून, दाखला आणावा लागे. शेतकऱ्याला जमीनमालकाशी बांधून ठेवणारे भूदासत्व 1861 मध्ये कायद्याने संपले होते. ज्यांच्या आजोबांना मालकाच्या परवानगीविना गावाची वेस ओलांडता येत नव्हती, ती नातवंडे आता सामूहिक शेतीच्या अध्यक्षांच्या टेबलासमोर टोपी हातात घेऊन उभी होती. बोल्शेविक पक्षाच्या नावाच्या रशियन आद्याक्षरांचा अर्थ शेतकरी आपसांत ‘दुसरे भूदासत्व’ असा लावत.

या शेतकऱ्यांनाही पासपोर्ट द्यावा, असा निर्णय ऑगस्ट 1974 मध्ये झाला आणि प्रत्यक्ष वाटप 1976 पासून सुरू झाले. जमीन कसणाऱ्याची, असा हुकूम निघाला त्या वर्षी, म्हणजे 1917 मध्ये, जन्मलेले मूल तोपर्यंत साठीकडे झुकले होते.