नऊ एकांचा वर्ग

(डोंबिवली स्थानक, सकाळची गर्दी)

मुंबईहून ३० मैलांवरचं हे स्थानक. जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या काळात याला डेमलो म्हणत. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांना एका संख्याकुळाची कल्पना इथे सुचली, आणि त्यांनी त्या संख्यांना स्थानकाचंच नाव दिलं. कापरेकर म्हटलं की लोकांना ६१७४ हा त्यांच्या नावाचा स्थिरांक आठवतो. डेमलो संख्या उगाच मागे पडल्या.

(चौकटीची वही, पेन)

१११११११११ ला त्याच संख्येने गुणायचंय. पाढे लागत नाहीत. प्रत्येक ओळीत तेच नऊ एक, फक्त दरवेळी एक घर डावीकडे. कोऱ्या कागदावर इथेच घोळ होतो: एक ओळ अर्धं घर सरकली की शेजारचा १ भलत्याच रकान्यात मोजला जातो. म्हणून चौकटीची वहीच घ्या.

आता बेरीज, उजवीकडून. पहिल्या रकान्यात एकच १. दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. नवव्यात नऊ, आणि तिथून उतार.

(उत्तराची ओळ, जवळून)

१२३४५६७८९८७६५४३२१. ही एक डेमलो संख्या. सतरा अंक. भास्कराचार्यांच्या लीलावतीतल्या स्थानक्रमात डावीकडचा १ ‘मध्य’ या घरात येतो, परार्धाच्या एक घर अलीकडे.

हातचा एकदाही आला नाही. चमत्कार म्हणून फिरणाऱ्या या उत्तरामागे एवढंच आहे.

(त्याच वहीचं पुढचं पान: दहा एक)

दहाव्या रकान्यात दहा. शून्य मांडलं, हातचा एक. पुढे नऊ आणि एक, पुन्हा दहा; पुन्हा शून्य, हातचा एक. त्यापुढे आठ आणि एक, नऊ. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा ८ गेला. १ ला ८१ ने भागा: ०.०१२३४५६७९०१२३… इथेही ८ नाही, कारण तोच हातचा.

(फळा)

परत सतरा अंकांकडे. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने संख्येला पूर्ण भाग जातो. अशा संख्यांना कापरेकरांनी हर्षद म्हटलं. बेरीज ८१ आली म्हणून ८१ ने भाग जाईलच असा नियम नाही, तो फक्त ३ आणि ९ पुरता आहे. इथे भाग जातो, कारण १११११११११ म्हणजे ९ गुणिले १२३४५६७९. वर्गात ९ दोनदा येतो. उरलेल्या १२३४५६७९ चे मूळ अवयव ३७ आणि ३३३६६७. म्हणजे आपल्या संख्येला एकूण ४५ विभाजक. आणि तिला ८१ नेच गुणलं, तर नऊ नवांचा वर्ग: ९९९९९९९९८००००००००१.

(संगणकाचा पडदा)

एक्सेलमध्ये आपली सतरा आकडी संख्या टाकली की शेवटचे २१ जाऊन तिथे ०० येतात. १५ अंकांपुढचं ते धरत नाही. सोळा आकडी कार्ड क्रमांकाचा शेवटचा अंक असाच शून्य होतो. रकाना आधी मजकुराचा करून घ्या, मग भरा.