आधी नोकरी, मग शिकणं

गंभीर मानसिक आजारातून सावरणाऱ्या तरुणाला आधी कार्यशाळेत बसवायचं, पाकिटं चिकटवायला लावायची, आणि तो ‘तयार’ झाला की मग नोकरीचं बघायचं. अनेक देशांत पुनर्वसन असंच चालायचं. कित्येकांच्या बाबतीत तो ‘तयार’ होण्याचा दिवस उगवलाच नाही.

१९९०च्या दशकात अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरमध्ये डेबोरा बेकर आणि रॉबर्ट ड्रेक यांनी हा क्रम उलटा केला: आधी नोकरी, मग शिकणं. त्यांच्या पद्धतीचं नाव ‘इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट’, म्हणजे एकेकाला नोकरी आणि सोबत मदत. काम करायची इच्छा हवी, एवढीच अट. अजून लक्षणं दिसतात किंवा व्यसन आहे म्हणून कुणाला परत पाठवायचं नाही.

नोकरी शोधायला आणि टिकवायला मदत करणारा रोजगार सहायक इथे उपचार करणाऱ्यांच्या बरोबरीनं काम करतो. गोळीमुळे सकाळी गुंगी येते, हे तो डॉक्टरांच्या कानावर घालतो. मग गोळीची वेळ बदलता येते, नाहीतर कामाची पाळी. एका सहायकाकडे २० पेक्षा जास्त माणसं नकोत. माणूस आल्यापासून ३० दिवसांच्या आत नोकरी देणाऱ्या मालकाशी प्रत्यक्ष गाठ पडायला हवी. आजाराबद्दल मालकाला सांगायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. पगार सुरू झाल्यावर सरकारी भत्ता किती कमी होईल, याचा हिशेबही आधीच मांडून द्यायचा. ही पायरी गाळली, तर भत्ता जाईल या धास्तीनं माणूस आलेली नोकरी नाकारतो.

लंडन, उल्म, रिमिनी, झुरिच, ग्रोनिंगेन आणि सोफिया इथल्या ३१२ जणांवरचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. नव्या पद्धतीतल्या ५५ टक्के लोकांनी निदान एक दिवस तरी नोकरी केली, जुन्या पद्धतीतल्या २८ टक्के. एक दिवस ही कसोटी सोपीच. म्हणून दुसरा आकडा जास्त मोलाचा: पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावं लागलं ते २० टक्क्यांना, जुन्या पद्धतीत ३१ टक्क्यांना. कामाच्या ताणानं आजार उलटेल, या भीतीला या अभ्यासात आधार मिळाला नाही.

पद्धत नीट राबवली जाते का, हे २५ निकषांवर तपासतात. एकूण गुण १२५. ७३ किंवा त्याहून कमी पडले, तर ती ही पद्धत मानतच नाहीत. सहायक कचेरीत बसून नुसते फोन फिरवू लागला की गुण घसरतात. त्याचा ६५ टक्के वेळ बाहेर जायला हवा.

मेलबर्नमध्ये १५ ते २५ वयाच्या १४६ तरुणांना घेऊन झालेल्या चाचणीत ही पद्धत वापरलेल्या गटातल्या ७१ टक्के तरुणांनी पहिल्या सहा महिन्यांत नोकरी केली. नेहमीची मदत मिळालेल्या गटात ४८ टक्के. अठराव्या महिन्यापर्यंत हा फरक उरला नाही. तिथे मदत सहा महिन्यांचीच होती. मूळ पद्धतीत मात्र मदतीला ठरलेली मुदत नसते: पहिली नोकरी सुटली, तर का सुटली हे बघून त्याच माणसासाठी दुसरी शोधायची.